मे महिन्यातच चढण लागली, मग मासे गेले कुठे?

ओहोळकाठ
९ जून २०२५, रात्री ९:४०

२६ मेच्या पहाटे गावाहून धाकट्या भावाचा फोन. एवढ्या पहाटे फोन म्हटल्यावर पोटात गोळा आला, आई पडली की काय. तर म्हणे, "दादा, चढण लागली. येतोस?"

मी ठाण्यात, अंथरुणात. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मे. हापूस अजून बाजारात, गावात धूळवाफेची पेरणी कुणाची झालेली, कुणाची व्हायचीय, आणि ओहोळाला लाल पाणी! त्याच दिवशी हवामान खात्याने मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर केलं. इतक्या लवकर तो मुंबईत पोचल्याची नोंदच नाही. आधीचा विक्रम २९ मेचा, १९५६, १९६२ आणि १९७१ सालचा. तीन-चार दिवस धो धो कोसळला आणि जो गेला तो गेलाच. आज ९ जून. माणगावात ऊन आहे आणि रस्त्यावर धूळ उडतेय.

घाटाखालच्यांना चढण समजावून सांगायला नको, पण इथे घाटावरचे बरेच जण आहेत म्हणून सांगतो. उन्हाळ्यात आमचा ओहोळ पार आटतो. नदीसुद्धा सलग राहत नाही, तिचे डोह तेवढे उरतात. सगळे मासे तीन-चार महिने त्या डोहांत दाटीवाटीने दिवस काढतात. मृगाचा पहिला दणकट पाऊस झाला की ओहोळ जागा होतो, त्याचं गार, गढूळ पाणी नदीला मिळतं आणि गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट फुगलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून बांधांच्या खांडींमधून (पाणी जायला ठेवलेल्या वाटांतून) भातखाचरात. तिथे वीतभर पाण्यात, गवतात अंडी घालायची आणि माघारी फिरायचं. हीच वलगण. खाचरात पाणी उथळ, त्यामुळे गिळायला मोठा मासा नाही. चिखलात बारीक किडे आणि शेवाळ हवं तेवढं. पिल्लांना याहून चांगलं बाळंतघर मिळायचं नाही. गणपतीपर्यंत ती बोटभर होतात आणि खाचरातलं पाणी उतरताना त्याच वाटेने नदीला लागतात. मळे, शिंगट्या, खवल्या, दांडवण, मरळ. (नावांवरून भांडू नका, दर दोन गावांनी ती बदलतात.)

म्हणजे सगळा खेळ लागोपाठच्या पावसावर. पहिला पाऊस वाट उघडतो आणि पुढचे दोन-अडीच महिने ती वाट उघडी राहावी लागते.

५ जूनला मी गावी गेलो. खालच्या खाचरात ट्रॅक्टरच्या चाकोरीत ओंजळ-दोन ओंजळी पाणी उरलं होतं. वाकून बघितलं तर पाणी थरथरत होतं. बडीशेपेच्या दाण्याएवढी पिल्लं, नुसते दोन डोळे आणि एक शेपटी. बोट घातलं, तर निवत आलेल्या चहाइतकं कोमट. दुपारी जेवून परत गेलो तेव्हा चिखलावर चंदेरी पापुद्रा धरला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. अशा किती चाकोऱ्या असतील त्या दोन एकरांत, मोजल्या नाहीत. मोजवल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी उलटा प्रकार झाला. २०२३ ला पाऊस केरळातच ८ जूनला आला, मुंबईला यायला २५ जून उजाडला. डोहातल्या मासळीने गाभोळी पोटात घेऊन वाट पाहिली. पुढे ऑगस्ट कोरडा. देशभराचा हिशेब धरला तर १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. उशिरा घातलेल्या अंड्यांची पिल्लं खाचरात असतानाच खाचराला भेगा.

आमच्या रायगडात एकूण पावसाची ददात नाही, आकडे काढले तर भरपूरच पडतो. बिघडलाय तो ताल. माणूस मोटर लावतो, बियाणं पुन्हा विकत आणतो. मळ्या माशाने काय करायचं?

तुमच्याकडे यंदा काय झालं ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं.

बत्ती_गुल
९ जून, रात्री १०:१५

चढण म्हटलं की मला पेट्रोमॅक्सचा वास येतो. आजोबा पुढे बत्ती घेऊन, काका मागे कोयता घेऊन, आणि मी सगळ्यात शेवटी बादली घेऊन, भिजून गारठलेला. खांडीला बांबूची खोईन (मासे अडकवायचा सापळा) लावून ठेवायची आणि पहाटे उचलायला जायचं. ती उचलताना आतली फडफड हाताला लागायची ना, ते सांगता येत नाही.

यंदा आमच्याकडे (रोहा) २७ तारखेला पोरं गेली होती. चार-पाच किलो मिळाले म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हात हलवत आली होती.

तिरकस
९ जून, रात्री १०:३२

वाः! म्हणजे पोटुशी मासळी ऐन बाळंतपणाच्या वाटेवर कोयत्याने कापायची, गाभोळी तळून खायची, आणि वीस वर्षांनी धागा काढायचा की हवामान बदललं, मासे गेले.

ओहोळकाठ, राग मानू नका. पण आधी आरशात बघूया.

खादाडखाऊ
९ जून, रात्री १०:५०

गाभोळीची पाकृ कुणी टाकेल का? नारळाच्या वाटणात की नुसती हळद-तिखट-मीठ लावून?

ओहोळकाठ
९ जून, रात्री ११:२०

खादाडखाऊ, वेगळा धागा काढा, तिथे येतो.

तिरकस, राग कशाला. मीही खाल्लेत, आणि ताटात पुन्हा वाढून घेतलेत. पण हा उद्योग आज्या-पणज्यांपासून चालत आलाय आणि तरी मासे होते. तेव्हा खोईन चार खांडींना लागायची आणि खांडी होत्या चाळीस. शिवाय चढण एका रात्रीत संपत नसे, पंधरा दिवसांत तीन-चार लोंढे यायचे. पहिल्या रात्री गाव जायचं, नंतर सगळे लावणीच्या मागे, मासळीकडे बघायला वेळ कुणाला? उरलेले लोंढे सुखरूप वर जायचे. आता लोंढा एकच येतो आणि त्या रात्री अख्ख्या तालुक्यातून मोटरसायकली येतात. काही महाभाग बॅटरी-इन्व्हर्टरचा शॉक देतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, हे त्यांच्या गावीही नाही.

तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

जाळं_वाळत
१० जून, सकाळी ७:०५

मी मत्स्यबीज केंद्रात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं आतलं सांगतो.

मासा दोन घड्याळांवर चालतो. एक संथ घड्याळ: उन्हाळ्यात दिवस मोठा होतो, पाणी तापतं, तसतशी पोटात अंडी पिकतात. दुसरं एकदम वाजणारं: पहिल्या पुराचं पाणी. पाणी अचानक गार होतं, गढूळ होतं, त्यातले क्षार पातळ होतात, प्रवाहाचा धक्का बसतो. हे सगळं एकत्र आलं की माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरक सुटतं आणि अंडी सुटतात. पहिलं घड्याळ पिकवतं, दुसरं सोडवतं. नुसत्या तळ्यात ठेवलेली रोहू-कटला पोटात अंडी घेऊन बसते पण घालत नाही, कारण दुसरं घड्याळ वाजतच नाही.

आपल्याकडे या कोड्याचा उलगडा १० जुलै १९५७ ला झाला. ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरींनी दुसऱ्या माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्प (रोहू-कटलाच्या कुळातल्या) माशांकडून अंडी घालून घेतली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन साजरा करतात तो त्यामुळेच. म्हणजे आमचं सगळं मत्स्यबीज केंद्र काय आहे, तर सुईतून दिलेला मृगाचा पाऊस!

आता तुमच्या प्रश्नाकडे. दोन्ही घड्याळं आपापल्या जागी बरोबर असली तरी एकमेकांशी जुळली नाहीत तर फुकट. २६ मेला पुराची घंटा वाजली तेव्हा डोहातल्या किती माद्या पिकल्या होत्या? सगळ्या नक्कीच नाही. ज्या पिकल्या होत्या त्या चढल्या आणि त्यांची पिल्लं तुम्ही चाकोरीत पाहिलीत. ज्या कच्च्या होत्या त्या खालीच राहिल्या असतील. त्यांच्यासाठी दुसरा लोंढा यायला हवा. अजून आशा सोडू नका.

गंमत अशी की बंगाल-ओडिशाच्या हॅचरीवाल्यांना तापमानवाढीचा फायदाच झालाय. तिथे कार्प पूर्वी पावसाळा धरून पिकायचे, आता मार्चपासूनच पिकतात, हे बराकपूरच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलंय. सुई हातात असली की मार्च काय आणि जून काय. ओहोळातल्या मळ्याला सुई कोण टोचणार?

आणि त्या कोमट पाण्याबद्दल. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. चाकोरीतलं पाणी तर त्याहून तापलेलं. तापलेल्या पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. ती पिल्लं पाणी आटण्याआधीच गुदमरली असणार.

पंचगंगाकाठ
१० जून, सकाळी ९:४८

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर आमच्याकडचं सांगतो. चढण वगैरे आमच्या आजीच्या गोष्टीत. आमच्याकडं वळवाचा पाऊस झाला की मासे मरत्यात.

पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागून एक. ऑक्टोबरात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की नदी म्हणजे लांबोळ्या तळ्यांची माळ. त्यात गावांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, सगळं तळाला जाऊन बसतंय. उन्हाळाभर कुजतंय. एप्रिल-मेत वळीव कोसळला की नाले एका दमात धुऊन निघत्यात आणि तो काळा गाळ ढवळून वर येतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे तोंड वर काढून. पोरं, बायका, म्हातारी माणसं पोती घेऊन काठावर. शिरोळ तालुक्यात ही बातमी जवळपास दर उन्हाळ्यात येती. चार दिवस गाजती, मग पाण्याचे नमुने जात्यात कुठंतरी, आणि आम्ही ऊसाच्या मागं.

मला बरेच दिवस कळत नव्हतं, पहाटेच का? सांगा की काका.

यंदाची गोष्ट: मेमध्येच पाणी आलं तेव्हा आमच्या बंधाऱ्याचे बरगे अजून घातलेलेच. काढायला पाटबंधारेवाले जूनच्या हिशोबात. पाणी वरून, झाडंझुडपं अडकलेली. मासा वर जायचा तर भिंत, खाली राहायचा तर काळं पाणी.

जाळं_वाळत
१० जून, सकाळी १०:३०

पहाटे अशासाठी, की दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात. रात्री त्याही श्वासच घेतात, मासेही घेतात, आणि तळाची घाण कुजवणारे जिवाणू तर चोवीस तास घेतात. सूर्योदयाच्या जरा आधी साठा तळाला पोचलेला असतो. आदल्या संध्याकाळी वळवाने गाळ ढवळला असेल तर शून्याजवळ. म्हणून नमुने सकाळी अकराला घेतले की आकडा बरा दिसतो. माझ्या नोकरीत यावरून वरिष्ठांशी वाद घातलेत, तो विषय नको.

मासळी तोंड वर काढून असेल तर ती खाऊ नका, एवढं लिहून ठेवतो.

व्हाळातलो_मासो
१० जून, दुपारी १:१२

आमच्या कुडाळात चडणीचे मासे. व्हाळाक पयलो हावूर इलो काय आजो कंदील घेवन भायर पडायचो. आजी मागून वराडायची, "सरपां असतत रे!" आता व्हाळ खंय रवलो, गटार झाला.

(मराठीत लिहितो, नाहीतर वरचे काका रागावतील.) आमच्याकडे व्हाळाच्या वरच्या अंगाला चिऱ्याच्या खाणी. मेमध्ये अवकाळी पाऊस झाला तेव्हा खाणीवरची तांबडी माती सगळी व्हाळात. पूर्वी तळाला गोल दगड दिसायचे, दगडांच्या फटीत मासे आणि झिंगे. आता फटी लिंपून टाकल्यासारख्या भरल्यात. जोराचा पाऊस पूर्वीही पडायचा, पण तेव्हा वर रान होतं.

महाडकरीण
१० जून, दुपारी ३:४०

ओहोळकाठ दादा, डोहांचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ते पाणी खाली महाडला आमच्या घरात आलं. पहिल्या मजल्यावरच्या कपाटाचा खालचा खण भरला. गव्हाची कोठी, आईची शिवणाची मशीन, लेकीची पुस्तकं. त्यानंतर सावित्री, काळ, गांधारी या नद्यांमधला गाळ काढला. आम्हीच मोर्चे काढून मागणी केली होती. पुण्या-मुंबईचे निसर्गप्रेमी येऊन "नदीचे डोह, नदीचे अधिवास" म्हणायला लागले की माझं डोकं फिरतं. माझ्या घरात चिखल होता, त्यांच्या नाही.

हे सांगून झाल्यावर दुसरंही सांगते. आमच्या तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले मासे देवीचे, कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात, महसीर म्हणतात त्यांना. सगळ्या नदीतून ही जात दिसेनाशी झाली तरी तिथे आहे. कारण एकच, तो डोह खोल आहे, मेमध्येसुद्धा आटत नाही आणि त्याला कुणी हात लावत नाही. गाळ काढताना यंत्रवाला नदी सपाट करून टाकतो, गटारासारखी. गाळ काढा, जरूर काढा, पण डोह डोह राहू द्या, हे सांगणारं माणूस यंत्राशेजारी उभं हवं. आमच्यावेळी तसं कुणी नव्हतं. मीही नव्हते.

ओहोळकाठ
१० जून, रात्री ९:००

ताई, शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसलो.

आमच्या नदीच्या डोहांचंही तेच, फक्त यंत्राऐवजी पंप. वरच्या अंगाला फार्महाउसं झालीत, लॉन हिरवं ठेवायला एप्रिल-मेमध्ये डोहांत पाइप. डोह गुडघाभर उरला तर चढणीला आईबाप आणायचे कुठून? मी सगळं खापर पावसावर फोडलं होतं, ते जरा घाईचं झालं. डोह, ओहोळ, खांड, खाचर, परत नदी. या साखळीची एक कडी पावसाने ढिली केली आणि उरलेल्या आम्ही कापल्या. साखळी धड असती तर एखाद्या खोड्या वर्षाने मासे संपले नसते. पाऊस काय गेल्या दोन-चार वर्षांतच लहरी झालाय का? बहात्तरचा दुष्काळ मासळीने पण काढलाच की.

तिरकस
१० जून, रात्री ९:३५

हे मी पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर मला घेरला असता. असो. लहरी पाऊस पूर्वीही होता हे खरं, पण लहरींचा आकार वाढलाय हेही खरं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचं आलंय. मी हवामानवाल्यांच्या विरोधात नाही, मी सोयीच्या हवामानवाल्यांच्या विरोधात आहे.

धानपट्टा
११ जून, सकाळी ६:३०

भंडाऱ्याहून. आमच्याकडे नदीपेक्षा तलाव मोठे. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या खाली धानाच्या बांध्या, आणि मासेमारी ढिवर समाजाची. पावसाळ्यात सांडव्यावरून आणि पाटातून मासे धानात शिरतात, तुमच्या वलगणीसारखंच.

मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि नंतर त्यात भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातींचं बीज पडलं. तलावात बेशरम हे तण वाढलं. पाण्याखालची देशी गवतं गेली, त्यांच्यात अंडी घालणारे देशी मासे गेले, मासे टिपणारे पक्षी गेले. इथे पाऊस बिघडायच्या आधीच घर मोडलं होतं.

आता भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजाला घेऊन उलट क्रमाने काम करतंय. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायचा, तळ नांगरायचा, दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पतींचे गड्डे आणून लावायचे, मग देशी मासे सोडायचे. हे सगळं काम हाताचं आणि बरंचसं बायकांनी केलेलं आहे. मी एका तलावावर चिखलात उतरून दोन तास बेशरम उपटला, तिसऱ्या दिवशीपर्यंत कंबर सरळ झाली नाही. त्या बाया रोज करतात.

गवत असलेल्या तलावात उन्हाळ्याच्या दुपारी हात घालून बघा आणि उघड्या तलावात घालून बघा. गवताखाली पाणी गार लागतं. मासळी तिथेच दडून असते.

पोर्टलँडकर
११ जून, दुपारी १२:२०

इथे ओरेगनमध्ये पाच वर्षं झाली. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी चक्क जिना आहे, पायऱ्यापायऱ्यांचा. काचेमागे बसून माणूस वर जाणारे सामन (सॅल्मन) मासे मोजतो, ते आकडे रोज जाहीर होतात. मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा मला वडिलांची खोईन आठवली. तरी २०१५ च्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली की सॉकाय जातीचे अडीच लाखांवर मासे वाटेतच मेले. जिना होता, पाणी होतं, पण पाणी ऊन होतं. एवढंच सांगायचं होतं.

खाजनकर
११ जून, संध्याकाळी ६:०५

गोव्याहून थोडं. आमच्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खाडीचं पाणी मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारातून आत-बाहेर होतं. उन्हाळाभर जमिनीत मीठ चढतं, पहिले पाऊस ते धुऊन नेतात, मग कोरगुट भात पेरायचं. यंदा मेमध्ये मीठ धुतलं गेलं म्हणून काहींनी घाई केली. मग पंधरवडाभर ऊन पडलं आणि मीठ परत वर आलं. मानशीत कोळंबीही कमी लागली. भात आणि मासळी दोघांचं पंचांग एकच, म्हणून चुकलं तर दोघांचं चुकतं.

ओहोळकाठ
२२ जून, रात्री ११:५०

काकांनी आशा सोडू नका म्हटलं होतं. पंधरा तारखेनंतर पाऊस पुन्हा लागला, शुक्रवारी गावी गेलो.

दुसरा लोंढा आला! लहान होता, पण आला. मागे राहिलेल्या माद्याच असाव्यात.

पण आता मोरीची गोष्ट ऐका. (मालवणकर मंडळी, मोरी म्हणजे मासा नव्हे. रस्त्याखालून पाणी जातं ती.) आमचा ओहोळ आणि वरची खाचरं यांच्यामध्ये गेल्या वर्षी डांबरी रस्ता झाला. पूर्वी तिथे दगडी फरशी होती, पाणी तिच्यावरून पसरून यायचं. आता सिमेंटचा गोल पाइप टाकलाय. रस्ता करणाऱ्याने पाइप इतका वर बसवलाय की त्याचं तोंड खालच्या पाण्यापासून दीड फूट अधांतरी. पाणी धबधब्यासारखं पडतं आणि खाली मासे.

मी अर्धा तास बॅटरी धरून उभा होतो. मासा उडी मारतो, पाइपच्या कडेवर आपटतो, खाली पडतो. परत मारतो. एक शिंगटी अंगठ्याएवढ्या जागेला तोंड लावून दोन क्षण लोंबकळली आणि सुटली. एका मरळीने वेगळाच मार्ग काढला, बाजूच्या ओल्या गवतातून सरपटत रस्त्यापर्यंत आली. तिला मी उचलून पलीकडे सोडली. खाली दोन पोरं बादली घेऊन उभी होती. त्यांना काही करावंच लागत नव्हतं, मासे दमून बाजूला येत होते.

चाळीस वर्षांत एवढे पाऊस पाहिले, पण नळाखालचं हे कधी निरखलं नव्हतं. पाऊस वेळेवर आला असता तरी हे मासे इथेच अडले असते.

शनिवारी सकाळी मी, भाऊ आणि ती दोन पोरं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पाइपच्या खाली बांध घातला. मधे मोठे दगड उतरते रचले, पोर्टलँडकरांचा जिना डोक्यात ठेवून. खालचं पाणी फुगून पाइपच्या तोंडाला टेकलं. आई म्हणाली, एवढ्या मेहनतीत आपल्या बांधाची डागडुजी झाली असती.

रात्री पाइपच्या वरच्या तोंडाशी बसलो. अकरा मोजले. मग बॅटरीचे सेल गेले.

तिरकस
२३ जून, सकाळी ८:१०

त्यातले किती घरी आले?

ओहोळकाठ
२३ जून, सकाळी ८:२२

एकही नाही. पोरांच्या बादलीतल्यांचं मला माहीत नाही.

जाळं_वाळत
२३ जून, सकाळी ९:००

उत्तम. पण पाइपच्या आतही बघा, तो गुळगुळीत आणि लांब असेल तर आतल्या वेगाने दमून मासे माघारी येतात. आत थोड्या अंतराने दगड टाका, त्यांच्या आडोशाला विसावा घेत जातील. मात्र पाइप तुंबून रस्त्यावर पाणी आलं तर गाव तुम्हाला धरेल, तेव्हा जपून. आणि गोण्या पहिल्या मोठ्या पुरात जातील. चिऱ्याचे दोन थर आणि पुढे कलता दगडी उतार असं करायला ग्रामपंचायतीला अर्ज द्या, आत्ताच, म्हणजे पुढच्या मेपर्यंत कुणीतरी वाचेल.

महाडकरीण
२३ जून, सकाळी ११:१५

अर्जाचा मसुदा मी करून देते, असे अर्ज लिहून हात बसलाय माझा. पाइपचा फोटो, बॅटरी लावून काढलेला असला तरी चालेल, आणि रस्त्याचा क्रमांक पाठवा.